कवळी काढल्यानंतरचा चेहरा : नाशिकमधील एका रुग्णासाठी फुल फेस मास्कची निवड

हे प्रकरण एका ६१ वर्षांच्या गृहस्थांचे आहे. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत अनेक वर्षे लेथवर आणि पुढे पर्यवेक्षक म्हणून काम करून ते निवृत्त झाले. आता ते नाशिकरोडला राहतात आणि द्राक्षाच्या हंगामात निफाड तालुक्यातल्या भावाच्या मळ्यावर मुक्कामाला असतात. झोपेतील श्वसनविकार असलेल्या रुग्णांना यंत्र आणि मास्क बसवून देणे आणि पुढे कित्येक महिने त्यांच्या रात्रींच्या नोंदी पाहणे हे माझे काम. निदान करण्याचा आणि यंत्राच्या हवेचा दाब ठरवण्याचा निर्णय डॉक्टरांचा असतो. काकांच्या संमतीने हे लिहिले आहे आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

ऑगस्टच्या अखेरीस काकांची झोपेची पूर्ण रात्रीची तपासणी झाली होती. झोपेच्या दर तासाला श्वास सरासरी ४६ वेळा थांबत किंवा मंदावत होता आणि रक्तातील ऑक्सिजन एका वेळी ७४ टक्क्यांपर्यंत घसरला होता. असा प्रत्येक खंड किमान दहा सेकंदांचा असेल तरच तो मोजला जातो. तासाला ५ ते १५ खंड म्हणजे सौम्य, १५ ते ३० म्हणजे मध्यम आणि ३० च्या वर म्हणजे तीव्र विकार, अशी सर्वत्र वापरली जाणारी विभागणी आहे. दिवसाच्या झोपाळूपणाच्या एपवर्थ प्रश्नावलीत त्यांना २४ पैकी १७ गुण होते, तर १० पर्यंतचे गुण सामान्य मानले जातात. पण घरच्यांना धक्का बसला तो आकड्यांनी नव्हे. द्वारका चौकात सिग्नल लाल असताना काका चालू गाडीत स्टिअरिंगवर डोके टेकून झोपी गेले आणि मागच्या गाड्यांचे हॉर्न वाजेपर्यंत त्यांना जाग आली नाही. त्याच दिवशी मुलाने गाडीची किल्ली आपल्याकडे ठेवली.

पुढच्या तपासणीत सीपॅप यंत्र, म्हणजे मास्कमधून सतत दाबाची हवा देऊन घसा उघडा ठेवणारे यंत्र, लावून दाब ठरवण्यात आला. त्या रात्री नाकाचा मास्क वापरला होता आणि १० सेंटिमीटर पाण्याइतक्या दाबावर श्वास बऱ्यापैकी सुरळीत झाला होता. अहवालाच्या शेवटच्या ओळीत मात्र नोंद होती, ‘तोंडावाटे गळती आढळली, फुल फेस मास्कचा विचार करावा’. या एका ओळीवरून नाक आणि तोंड दोन्ही झाकणारा हा मास्क विकत घेतला गेला. दुकानात खुर्चीवर बसवून, यंत्र न जोडता, काकांच्या चेहऱ्यासमोर मास्क धरून पाहिला गेला आणि ‘चेहरा रुंद आहे, मोठा आकार लागेल’ एवढ्यावर निवड झाली. काकांनी तो नऊ रात्री वापरला आणि मग यंत्रासकट सगळे कपाटात गेले. नोव्हेंबरच्या मध्यावर मुलगा त्यांना माझ्याकडे घेऊन आला, तेव्हा चष्मा जिथे टेकतो तिथे, नाकाच्या दोन्ही बाजूंना, तपकिरी पडलेल्या जखमा अजून पूर्ण भरल्या नव्हत्या.

नऊ रात्रींची नोंद

कोणताही मास्क हातात घेण्याआधी मी यंत्रातले कार्ड वाचते, कारण सकाळी उठल्यावर रुग्णाला आठवते त्यापेक्षा यंत्राला जास्त आठवते. नऊ रात्रींत सरासरी वापर १ तास ५० मिनिटे होता. यंत्र लावूनही उरलेले श्वासखंड तासाला १९ होते. गळतीची वरची पातळी, म्हणजे ९५ टक्के वेळ गळती जिच्या आत राहिली तो आकडा, मिनिटाला ६२ लिटर होता. काकांच्या यंत्रात २४ लिटरपर्यंतची गळती चालण्यासारखी मानली जाते.

येथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण रुग्ण आणि नातेवाईक दोघांचाही इथे गोंधळ होतो. प्रत्येक सीपॅप मास्कला बारीक छिद्रे असतात आणि त्यांतून हवा सतत बाहेर जातच असते. ती बिघाड नसून उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकण्याची सोय आहे. ही छिद्रे चिकटपट्टीने बंद करणारे रुग्ण मी पाहिले आहेत, आणि त्याइतकी धोकादायक दुरुस्ती दुसरी नाही. काकांचे यंत्र ही अपेक्षित गळती वजा करूनच आकडा दाखवते. म्हणजे ६२ लिटर ही सगळी कुशन (मास्कची चेहऱ्याला टेकणारी मऊ कड) आणि त्वचा यांच्या फटीतून निसटलेली हवा होती. एवढी हवा निसटत असेल तर घशात पोहोचणारा दाब कागदावरच्या दाबाइतका राहत नाही आणि श्वासाच्या प्रवाहावरून यंत्र जे मोजमाप करते तेही विश्वासार्ह राहत नाही. त्यामुळे ‘१९’ हा आकडाही मी अंदाजे धरला.

नोंदीत आणखी एक गोष्ट दिसली, जिचा अर्थ मला त्या दिवशी लागला नाही. नऊपैकी सात रात्री मास्क एक ते अडीच या वेळेत काढलेला होता, आणि काढण्यापूर्वीच्या दहा-पंधरा मिनिटांत गळती वाढलेली नव्हती. गळतीचा त्रास होऊन काढला असता तर आलेख आधी चढलेला दिसला असता.

खाटेवरची तपासणी

मी काकांना खाटेवर, त्यांच्या सवयीच्या उंचीची उशी देऊन झोपवले, तोच मोठ्या आकाराचा मास्क लावला आणि यंत्र १० च्या दाबावर सुरू केले. बसल्यावर आणि झोपल्यावर गालांचे मांस वेगळ्या ठिकाणी असते, आणि दाब नसताना नीट बसलेले कुशन दाब येताच उचलले जाते, म्हणून ही तपासणी याच अवस्थेत करावी लागते. माझी अपेक्षा होती की मास्क इथेही गळेल. तो गळला नाही. काका डाव्या कुशीवर वळले, उजव्या कुशीवर वळले, तोंड उघडले, मिटले. गळती ६ ते १० लिटरच्या आतच राहिली. जो मास्क घरी रात्रभर गळत होता तो माझ्यासमोर निर्दोष होता.

मी पट्टे तपासत असताना काकू शेजारच्या खुर्चीवरून म्हणाल्या, “अहो ताई, पण हे झोपताना कवळी काढून ठेवतात. कवळी काढली की ह्यांचा चेहराच बदलतो.”

काकांची वरची आणि खालची, दोन्ही कवळ्या पूर्ण आहेत, हे कोणत्याही कागदावर नव्हते, आणि मीही विचारले नव्हते. काका बेसिनपाशी गेले, दोन्ही कवळ्या काढून धुतल्या, खिशातल्या स्टीलच्या डबीत ठेवल्या आणि परत येऊन झोपले. तोच मास्क, तेच पट्टे, तोच दाब. यंत्र सुरू होताच ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांपाशी कुशन उचलले गेले, शिट्टीसारखा आवाज सुरू झाला आणि निसटणाऱ्या हवेने काकांच्या भरघोस मिशीची टोके थरथरू लागली. पडद्यावर गळती ५५ च्या पुढे गेली. काकांनी सवयीने हात वर नेला आणि खालचे पट्टे करकचून ओढले. नाकावरच्या जखमा कशा झाल्या ते मला त्या हालचालीत दिसले. गळती खाली होती, पण पट्टे आवळल्याचा भार पडत होता वरच्या हाडावर, जिथे त्वचेखाली मांस जवळपास नाहीच.

दात नसलेल्या जबड्याची उंची कवळीशिवाय कमी होते, हनुवटी नाकाच्या जवळ येते आणि आधार गेल्यामुळे ओठ व गाल आत बसतात. मी दोन्ही अवस्थांत माप घेतले. तोंड किंचित उघडे ठेवून, नाकाच्या मुळापासून खालच्या ओठाखालच्या खोलगट रेषेपर्यंतचे अंतर कवळीसह १०.३ सेंटिमीटर आणि कवळीशिवाय ९.१ सेंटिमीटर भरले. फुल फेस मास्कचा आकार प्रामुख्याने याच उंचीवरून ठरतो, आणि चेहरा रुंद आहे की अरुंद हा त्यानंतरचा प्रश्न. हा सुमारे सव्वा सेंटिमीटरचा फरक मोठा आणि मध्यम आकारांमधला होता. मोठ्या मास्कचे खालचे टोक कवळी काढल्यावर हनुवटीच्या उतारावर येत होते, आणि तिथे सपाट आधार नसल्याने कोपरे उघडे पडत होते.

रात्री कवळी घालून झोपावे का, हा मुलाचा प्रश्न योग्यच होता. त्यांच्या दंतवैद्यांनी हिरड्यांना विश्रांती मिळावी म्हणून रात्री कवळी काढायला सांगितलेच होते. शिवाय मास्कच्या दाबाने झोपेत सैल कवळी सरकली तर ते धोक्याचे ठरेल, म्हणून आम्ही तो मार्ग घेतला नाही. मास्क चेहऱ्याला जुळायला हवा, आणि तो चेहरा रात्री अकरा वाजताचा हवा.

या उपचाराच्या सुरुवातीच्या काळात ही गोष्ट आपोआप सांभाळली जात होती, असे मला नेहमी वाटते. सिडनीत कॉलिन सुलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये या पद्धतीचे पहिले वर्णन प्रसिद्ध केले. त्यानंतरच्या काही वर्षांत एकेका रुग्णाच्या चेहऱ्याचा साचा घेऊन त्याच्यापुरता मास्क बनवला जात असे. आता लहान, मध्यम, मोठा असे तयार मास्क मिळतात. ही मोठीच सोय आहे, पण साचा घेताना चेहऱ्याकडे जे लक्ष आपोआप जायचे ते आता मुद्दाम द्यावे लागते.

फुल फेस मास्क हवाच होता का

आकार चुकला हे कळल्यावर मध्यम आकार देऊन मोकळे होता आले असते. पण आणखी एक प्रश्न कोणी विचारलाच नव्हता, की काकांना नाक आणि तोंड दोन्ही झाकणाऱ्या मास्कची खरोखर गरज आहे का. तोंडाने श्वास घेणाऱ्या प्रत्येकाला फुल फेस मास्क द्यायचा, ही आपल्याकडची रूढ समजूत आहे, आणि मला ती घाईची वाटते. नाकाच्या मास्कमध्ये हवा नाकावाटे येते आणि टाळू व जीभ यांना मागून पुढे ढकलून घसा उघडा ठेवते. फुल फेस मास्कमध्ये तीच हवा तोंडावाटेही शिरू शकते आणि जिभेला मागे लोटू शकते. शिवाय पट्ट्यांच्या ओढीने खालचा जबडा मागे सरकू शकतो. त्यामुळे अनेक रुग्णांना या मास्कवर जास्त दाब लागतो, उरलेले श्वासखंड जास्त असतात आणि वापराचे तास कमी होतात. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांतही पसंती नाकाच्या मास्कलाच आहे. तोंड उघडे राहते याचे कारण पुष्कळदा बंद नाक हेच असते, आणि नाक मोकळे केले की तोंड आपोआप मिटते.

काकांचे नाक खरोखरच बंद होते. नाकाचा पडदा डावीकडे वाकलेला होता, धुळीची ॲलर्जी होती आणि मळ्यावर गेले की शिंका सुरू होत. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी शस्त्रक्रियेची घाई न करता रोज नाकात मारायचा स्टिरॉइडचा फवारा आणि मिठाच्या पाण्याने नाक धुणे सुरू केले आणि परिणाम दिसायला तीन आठवडे द्या असे सांगितले. श्वासखंड तासाला ४६ असलेल्या माणसाला तीन आठवडे उपचाराविना ठेवणे योग्य नव्हते, आणि नाकावरच्या जखमांवर पुन्हा भार टाकणेही शक्य नव्हते. म्हणून नाकाच्या खालून बसणारा, वरच्या हाडाला न शिवणारा फुल फेस मास्क आमच्याकडच्या चाचणीच्या संचातून त्यांना दिला.

या प्रकारच्या मास्कची पुष्कळ स्तुती होते आणि ती रास्त आहे. चष्मा लावून वाचत पडता येते, नाकावर वळ उठत नाही, समोरचे मोकळे दिसते. काकांना तो आवडलाही. पण त्याचे वरचे कुशन नाकपुड्यांखाली, वरच्या ओठावर टेकते. काकांची मिशी दाट आणि ती कातरायला त्यांची तयारी नव्हती. शिवाय कवळी काढल्यावर वरचा ओठ आत बसत असल्याने कुशनला मागून आधारच मिळत नव्हता. तीन आठवड्यांत गळती ३८ च्या खाली आली नाही आणि वापर साडेतीन तासांवर अडला. हा उपचार अपुरा होता, पण काहीच नसण्यापेक्षा बरा होता, आणि तेवढ्या अवधीत जखमा भरून आल्या. मिशी कातरण्याचा आग्रह मी धरला नाही. मिशी कातरूनही ओठाचा आधार परत येणार नव्हता.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात नाक बऱ्यापैकी मोकळे झाले, तेव्हा नाकाचा मास्क चार रात्री वापरून पाहिला. नाकाभोवतीचे कुशन उत्तम बसले होते, पण गळती ४५ च्या आसपास राहिली, कारण हवा आता तोंडातून निसटत होती. हनुवटीचा पट्टा दोन रात्री लावला. दात असलेल्या माणसात हा पट्टा जबडा वर उचलतो आणि दात दातांवर टेकले की थांबतो. काकांच्या जबड्याला थांबायला जागाच नव्हती, त्यामुळे हनुवटी वर जात राहिली, ओठ दुमडले आणि कोपऱ्यांतून हवा सुटत राहिली. यानंतर मात्र फुल फेस मास्क हा निर्णय मला पटला. सप्टेंबरमध्येही निर्णय हाच झाला होता, पण तेव्हा तो का, हे कोणालाही सांगता आले नसते.

काकूंचा पेसमेकर

आता नाकाच्या मुळापासून हनुवटीपर्यंत झाकणारा, मध्यम आकाराचा मास्क निवडायचा होता. माझ्याकडे तसे तीन होते. त्यांतल्या सर्वांत हलक्या, मऊ मास्कच्या खालच्या पट्ट्यांना चुंबकाच्या कड्या होत्या. सांधे आखडलेल्या ज्येष्ठांना अशा कड्या फार सोयीच्या पडतात, कारण मास्क जवळ नेला की कडी आपसूक चिकटते. काकांनी तोच पसंत केला होता.

पण काकूंना २०२२ मध्ये पेसमेकर बसवलेला आहे. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने चुंबक असलेल्या काही मास्कबाबत सावधगिरीची सूचना काढली होती. पेसमेकर, शॉक देणारे हृदययंत्र, मेंदूतल्या रक्तवाहिनीवरच्या काही क्लिप, डोळ्यात गेलेले धातूचे कण अशा गोष्टी शरीरात असतील तर चुंबक त्यांच्यापासून किमान सहा इंच, म्हणजे साधारण १५ सेंटिमीटर दूर राहायला हवा, असा त्याचा आशय होता. हा इशारा मास्क लावणाऱ्यापुरता नाही, तर त्याच्या अगदी जवळ येणाऱ्या, शेजारी झोपणाऱ्या माणसालाही लागू आहे. आपल्याकडे पती-पत्नी एका खाटेवर झोपतात, नातवंडे मध्ये येऊन झोपतात, आणि तरीही मास्क देताना ‘शेजारी कोण झोपते’ हा प्रश्न क्वचित विचारला जातो. लेथवर आयुष्य गेलेल्या काकांना ‘डोळ्यात कधी लोखंडाचा कीस गेला होता का’ हेही मी विचारले. एकदा गेला होता आणि डॉक्टरांनी काढला होता, असे ते म्हणाले. पूर्ण निघाला का याची खात्री नव्हती. दोन्ही कारणांनी चुंबकाचा मास्क बाजूला ठेवला.

उरलेल्या दोनपैकी एकाला कपाळावर टेकणारा आधार होता आणि दुसऱ्याला नव्हता. नाकाच्या मुळावर आधी जखमा झालेल्या असल्याने कपाळाच्या आधाराचा मास्क निवडला. तो दिसायला बोजड असला तरी वरचा भार कपाळाच्या रुंद हाडावर वाटला जातो. पट्टे प्लास्टिकच्या आकड्यांचे होते आणि काकांनी ते डोळे मिटून दहा वेळा काढले-लावले तेव्हाच मी पुढे गेले. उलटी झाली किंवा श्वास कोंडला तर फुल फेस मास्क स्वतःच्या हाताने तत्काळ काढता यायलाच हवा. ज्याला ते जमत नाही आणि ज्याच्याजवळ रात्री कोणी नसते, त्याला हा मास्क देऊ नये.

पट्टे बसवण्याची पद्धत शिकवायला पाऊण तास लागला, आणि त्यातला बहुतेक वेळ आवळण्याची सवय मोडण्यात गेला. कवळी काढून, आडवे होऊन, यंत्र सुरू करून, सगळे पट्टे सैल ठेवून मास्क लावायचा. मग डावा-उजवा सारखा, थोडा थोडा ओढायचा. मग मास्क चेहऱ्यापासून सरळ समोर किंचित उचलून पुन्हा टेकू द्यायचा. कुशनची आतली पातळ कड हवेने फुगून त्वचेला चिकटते, आणि गळती थांबते ती त्या फुगण्याने. पट्टा आवळला की ती कड चेपते आणि गळती वाढते. काकांनी एकदा स्वतः पट्टा दोन बोटे सैल केला आणि शिट्टी थांबली, तेव्हा त्यांचा विश्वास बसला.

“लाइट गेली तर?”

निघताना काका दारापाशी थांबले आणि म्हणाले, “ताई, एक विचारू का? मळ्यावर रात्री लाइट जाते. मास्क तोंडावर असताना लाइट गेली तर माणूस गुदमरणार नाही ना?”

एक ते अडीच या वेळेचे कोडे तिथे उलगडले. सप्टेंबरमधल्या नऊ रात्री ते मळ्यावर होते. तिसऱ्या रात्री वीज गेली, यंत्र थांबले, ते घाबरून उठले, आणि पुढे रोज झोप थोडी चाळवली की ‘आता जाईल’ या भीतीने मास्क काढून ठेवू लागले. हे त्यांनी कोणालाही सांगितले नव्हते, कारण घाबरलो असे म्हणणे त्यांना कमीपणाचे वाटले होते.

मी त्यांना परत बसवले. फुल फेस मास्कमध्ये, नळी जोडते तिथे, एक छोटी झडप असते. यंत्राची हवा येत असताना ती दाबाने मिटलेली असते, आणि हवा थांबली की आपोआप उघडून खोलीतली हवा आत येऊ देते. मी त्यांना मास्क लावला, यंत्र सुरू केले आणि न सांगता नव्हे, तर तीन आकडे मोजून, प्लग काढला. झडप उघडल्याचा बारीकसा टक् आवाज आला. काकांनी दोन, तीन, चार श्वास घेतले आणि मग स्वतःच प्लग लावून, स्वतःच काढून तीनदा पाहिले. ही झडप धुताना साबण अडकून किंवा कफ सुकून चिकटू शकते, म्हणून रोज लावण्यापूर्वी ती हलते आहे हे पाहायला शिकवले. झडपेमुळे गुदमरण्याचा धोका टळतो, उपचार मात्र थांबतोच, म्हणून वीज गेल्यावर मास्क काढून कुशीवर झोपावे हेही सांगितले. मळ्यावरच्या घरात इन्व्हर्टर आहे. यंत्राचा प्लग त्याच्यावर घेण्याचे काम मुलाने त्याच आठवड्यात केले.

पहिला महिना

नव्या मास्कवर पहिल्या दहा रात्रींत गळतीची वरची पातळी १९ लिटरवर आली आणि वापर ५ तास ४० मिनिटांवर गेला. पण उरलेले श्वासखंड १० च्या दाबावर तासाला ११ होते. आता गळती आटोक्यात असल्याने हा आकडा भरवशाचा होता, आणि तो सांगत होता की नाकाच्या मास्कवर ठरवलेला दाब फुल फेस मास्कवर पुरत नाही. डॉक्टरांनी नोंदी पाहून दाब टप्प्याटप्प्याने १३ केला आणि श्वासखंड ३.६ वर आले. मात्र १३ वर पोटात हवा जाऊन सकाळी पोट टम्म फुगू लागले. शेवटी १२ वर ४.४ हा आकडा डॉक्टरांनी आणि काकांनी मिळून स्वीकारला. मास्कचा प्रकार बदलला तर दाब पुन्हा तपासावा लागतो, हे प्रत्येक मास्कच्या पाकिटावर छापायला हवे, असे माझे प्रामाणिक मत आहे.

जानेवारीत निफाडकडे पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरला आणि गळती पुन्हा ३४ वर गेली. काकूंनी फोनवर सांगितले की पहाटे नळीत पाणी गुडगुडते आणि थेंब नाकावर पडतात. आर्द्रता देणाऱ्या टाकीतली ऊबदार ओली हवा थंड नळीत येताच पाणी होऊन साचत होती. यंत्र खाटेपेक्षा खाली, स्टुलावर ठेवायला सांगितले, म्हणजे साचलेले पाणी चेहऱ्याकडे न येता टाकीकडे परत जाते. काकूंनी जुन्या फलालीनची लांब गवसणी शिवून नळीवर चढवली. पाणी थांबले, गळती मात्र २८ वरच राहिली. दुसरे कारण प्रत्यक्ष भेटीत सापडले. थंडीत त्वचा फुटते म्हणून काका झोपताना चेहऱ्याला खोबरेल तेल लावत होते, आणि तेलावर सिलिकॉन घसरते. आता ते तेल संध्याकाळी लावतात, झोपण्यापूर्वी साबणाने चेहरा धुतात आणि सकाळी कुशन कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुऊन सावलीत वाळवतात.

मार्चअखेरच्या नोंदीत सरासरी वापर ६ तास १० मिनिटे, गळती १७ लिटर आणि श्वासखंड ४.१ होते. एपवर्थचे गुण १७ वरून ७ वर आले आहेत. नाकावर सकाळी फिकट लाल वळ दिसतो, तो तासाभरात जातो, आणि तेवढा वळ चालण्यासारखा आहे. गाडीची किल्ली मात्र डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच, एप्रिलमध्ये, मुलाने परत दिली.

दंतवैद्यांनी खालची कवळी नवी करायला सांगितली आहे. दात नसलेल्या जबड्याचे हाड वर्षागणिक झिजत जाते, त्यामुळे कवळी नवी असो वा जुनी, काकांच्या रात्रीच्या चेहऱ्याची उंची आणखी कमी होऊ शकते आणि आज बसलेला मध्यम आकार उद्या सैल पडू शकतो. पुढची भेट ऑगस्टमध्ये आहे. मास्क, यंत्रातले कार्ड आणि कवळीची डबी, तिन्ही सोबत आणायला सांगितले आहे.